अक्काच्या नावावरचा बायोडेटा

कोपर, डोंबिवली पश्चिम
गुरुवार, दुपार

तीर्थरूप आनंदराव भावोजी यांच्या चरणी श्रीपादचा नमस्कार.

पत्राला कारण आहे, पण ते पहिल्याच ओळीत सांगायचा धीर होत नाही, म्हणून आधी आपली विचारपूस करतो. गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कट्‌ असा आवाज येतो का? आमच्या वल्लरीनं सांगितलेले व्यायाम करत चला (ती दर वेळी विचारते, आणि मी दर वेळी तुमच्या वतीनं 'करतात' असं सांगतो). साखरेचं पथ्य सांभाळता ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे शेवटचं वाक्य रीत म्हणून लिहिलं आहे, त्यावर विसंबू नका. माझी भूक गेली आहे, कालपासून दारावरची बेल वाजली की मी आधी न्हाणीघरात जातो, आणि काल ऋजुतानं भाजीत मीठ दुप्पट घातलं ते मला कळलंसुद्धा नाही. बायकोच ती, लगेच म्हणाली, तुम्हाला ताप आहे. ताप नाही. भीती आहे.

पाकीट नौपाड्याच्या घरी न येता वागळे इस्टेटच्या कारखान्यावर आलेलं पाहून तुम्ही चमकला असाल. घरी पाठवलं असतं तर ते अक्कानं फोडलं असतं. तुमचं पाकीट ती का फोडते हा तुम्हा दोघांचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. फोन करावा तर तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि कारखान्यात नेला की ग्रीस लागतं म्हणून अक्का तो घरीच ठेवून घेते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तुमचे निरोप तुमच्याआधी तीच वाचते. मी स्वतः कारखान्यावर येणार होतो, रिक्षासुद्धा ठरवत होतो, पण तुमच्याकडचे स्प्रिंगा वळणारे सगळे कामगार मला ओळखतात आणि दिवाळीचा फराळ अक्काच्या हातचा खातात. एखाद्यानं सहज म्हटलं असतं, बाई, तुमचे भाऊ येऊन गेले. म्हणून हे पत्र कुरिअरनं. वाचून झाल्यावर काय करायचं ते शेवटी लिहितो.

आता मुद्द्यावर येतो. म्हणजे मुद्द्याच्या आसपास.

अक्का शाळेतून निवृत्त झाली तेव्हा आपल्या सगळ्यांना वाटलं होतं की आता ती विश्रांती घेईल, निदान आपल्याला घेऊ देईल. तिनं त्याऐवजी सगळ्या गोतावळ्याची लग्नं हातात घेतली. त्यात साकेतनं परदेशी जाण्याआधी आईला क्लाउडवर एक फोल्डर करून दिलं, 'शुभकार्य' नावाचं. (मुलगा गुणी आहे, पण जाता जाता हे केलंन्‌ ते मी त्याला माफ करणार नाही.) ज्याच्या घरी लग्नाचं मूल त्यानं बायोडेटा त्यात ठेवायचा, आणि कोणी स्थळ विचारलं की नुसती लिंक पाठवायची. पूर्वी फोटो नि पत्रिका पाकिटातून फिरत, परत येताना कधी दुसऱ्याच्याच मुलीचा फोटो येई, त्यापेक्षा हे बरं, असं मीही तेव्हा म्हणालो होतो. सगळ्या नातेवाइकांना फोल्डरमध्ये ठेवायची-काढायची परवानगी दिली गेली. मलाही होती. परवानगी आणि मालकी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे मला वयाच्या साठीत, गेल्या सोमवारी कळलं.

वल्लरीचा बायोडेटा खरं तर मी लिहिला होता. अक्कानं तो वाचला आणि म्हणाली, "श्रीपाद, हा बायोडेटा आहे की रजेचा अर्ज?" तुम्हाला ठाऊकच आहे, सातवीत मी तिच्याच वर्गात होतो. घरी अक्का आणि शाळेत बाई, अशा दुहेरी जाचात वाढलेला माणूस मी, तिनं कागद परत केला की माझी मान आपोआप खाली जाते. मग तिनं स्वतः बसून नवा केला, त्याची पीडीएफ केली (म्हणजे कोणालाही एक काना बदलता येऊ नये असा), आणि स्वतःच्या हातानं फोल्डरमध्ये ठेवला. माझं काम वाचलं म्हणून मला आनंद झाला होता. मुलगी माझी, फोटो मी काढलेला, उंची मी दाराच्या चौकटीवर मोजलेली; पण फाइल तयार केली अक्कानं, म्हणून मालकीण अक्का.

बायोडेटा चांगलाच केलाय. 'स्वभाव समजूतदार' हे तिनं कुठे पाहिलं ठाऊक नाही, पण चालायचंच. घोटाळा शेवटच्या ओळीत आहे. अपेक्षांमध्ये निर्व्यसनी, सुशिक्षित वगैरे नेहमीचं झाल्यावर अक्कानं ठसठशीत अक्षरात लिहिलंय: 'ठाण्यात घर असल्यास उत्तम. खाडीपलीकडील स्थळे कळवू नयेत.' भावोजी, आम्ही स्वतः खाडीपलीकडे राहतो. नुसते पलीकडे नाही, कळवा टाकून, मुंब्र्याचा डोंगर मागे टाकून चांगले इकडे. त्या वाक्याप्रमाणे मुलीच्या बापाचंच घर बाद होतं. तेव्हा मी ते वाचून हसलो होतो. आता हसू येत नाही.

कारण मागच्या रविवारी, पोहे खाताना, वल्लरीनं सांगितलं की तिनं आणि ऋतुराजनं लग्न करायचं ठरवलंय. (ऋजुताला आधीच माहीत होतं. मला पोह्यांबरोबर कळलं.) ऋतुराज तिच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो. ती पेशंटचे गुडघे वाकवते, तो त्याच गुडघ्यांचे फोटो काढतो, ओळख गुडघ्यांवरूनच झाली. तुमचाही गुडघा त्यांच्या हाताखालून गेलाय. मागे ज्याला तुम्ही 'फार गुणी मुलगा, टेबलावर चढताना हात देतो' म्हणालात, तो हाच. मुलगा मला आवडला. आईवडील साधे, राजापूरकडचे. वडील विठ्ठलराव एसटीत होते, आई शेवंतीबाई घर सांभाळतात. येत्या रविवारी ते बोलणी करायला आमच्याकडे येणार आहेत. आणि राहतात कुठे, तर कळव्यात, खाडीच्या पलीकडच्या काठावर.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. ऐका. शेवंतीबाईंची एक जाऊ कल्याणला असते. ती कुठल्याशा वधूवरांच्या ग्रुपात आहे. तिला यातलं काही माहीत नाही. तिनं आपल्या जावेला सहज एक लिंक पाठवली, की ठाण्याच्या एका बाईंकडची मुलगी आहे, आपल्या ऋतुराजला शोभेल. लिंकेखाली नाव होतं 'वल्लरी श्रीपाद, डोंबिवली'. शेवंतीबाईंना कोण आनंद झाला! म्हणजे आपण पसंत केलेली मुलगी लोकही सुचवतायत. त्या लगेच उघडणार होत्या, पण ऋतुराज (त्यानं ती ओळ आधीच वाचली आहे, आणि वल्लरीला एका शब्दानं बोलला नाही, हे मला त्याचं फार आवडलं) घाईनं म्हणाला, "आई, नको उघडू गं, व्हायरस असतो त्यात, फोन जाईल." त्यावर ती माउली काय म्हणाली असेल? म्हणाली, "बरा तर. रविवारी त्यांच्याकडेच उघडू. त्यांच्या टीव्हीवर मोठा करून सगळे मिळून बघू."

आमच्या टीव्हीवर, भावोजी! बेचाळीस इंचांवर! 'खाडीपलीकडील स्थळे कळवू नयेत.'

वल्लरी मला म्हणाली, "बाबा, ती फाइल रविवारच्या आत गेली पाहिजे. काकूंनी ते वाचलं ना, तर त्या काही बोलणार नाहीत. चहा घेतील, छान झाला म्हणतील आणि जातील. मला ते नकोय." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. लहानपणी सायकलवरून पडून आली की रडण्याआधी ती जशी बोलायची तसा होता. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! परवानगी आहे आपल्याला. उद्या काढून टाकतो.

सोमवारी दुपारी ऋजुता भजनाच्या क्लासला गेली होती आणि वल्लरी दवाखान्यात. मी देवाला नमस्कार केला, कॉम्प्युटर लावला, 'शुभकार्य' उघडलं, वल्लरीच्या नावावर टिचकी मारली आणि 'काढून टाका' दाबलं. त्यानं काहीतरी चार ओळींची सूचना दाखवली. ती मी वाचली नाही. अशा सूचना औषधांच्या डब्यात घडी घालून असतात तशा असतात, त्या कोणी वाचत नाही आणि तरी माणसं बरी होतात. मी 'ठीक आहे' म्हटलं. फाइल गेली! फोल्डरमध्ये आपल्या नात्यातली बाकी सगळी मुलं होती, वल्लरी नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की मी वाटीभर श्रीखंड काढून खाल्लं आणि एक झोप काढली. या आठवड्यातली ती शेवटची स्वस्थ झोप.

संध्याकाळी वल्लरीनं ऋतुराजकडून ती लिंक मागवून उघडून पाहिली. उघडली. फोटोसकट, उंचीसकट, खाडीसकट. मी म्हटलं हे शक्य नाही, मी स्वतः काढलीय. तेव्हा तिनं ती सूचना मला मोठ्यानं वाचून दाखवली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ही फाइल तुमच्या मालकीची नाही, तुम्ही ती फक्त या फोल्डरमधून काढत आहात. म्हणजे फाइल मेली नाही, माहेरी गेली. अक्काच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये सुखरूप आहे, आणि ज्याच्याकडे लिंक आहे त्याला पूर्वीसारखीच दिसते. खरी पुसायची तर मालकानंच पुसावी लागते. हे मला नीटसं कळेना. शेवटी ऋजुता पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, आपल्याकडे अक्कांचं नाव घातलेलं ते पितळी पातेलं नाही का? आपण फार तर त्यांच्याकडे परत पोचवू शकतो. मोडीत घालू शकतो का?" मला लख्ख कळलं. आणि हेही आठवलं की अक्काच्या नावाचं पातेलं आमच्या घरातून हललं तर तिला पाच मिनिटांत कळतं.

लिंक बंद करता येईल का तेही वल्लरीनं पाहिलं. येत नाही. दुसऱ्या कोणी कुलपं बदलू नयेत अशी सोय अक्कानं आधीच करून ठेवलीय. इतकी वर्षं मुख्याध्यापिका होती, तिला पोरं काय काय करतात ते माहीत आहे.

इथवर जे झालं ते मी कसंबसं निभावलं असतं. मंगळवारचं मात्र सांगायलाच हवं. मी विचार केला की, मालकालाच पुसता येतं ना, मग आपल्या मालकीचं त्या फोल्डरमध्ये काही आहे का ते पाहू, आणि खरं पुसणं असतं कसं ते एकदा करून पाहू, म्हणजे पुढे अक्काचा फोन हाती आलाच तर गोंधळ व्हायला नको. शोधलं तर माझ्या मालकीची एकच वस्तू निघाली. नाव नव्हतं, नुसते आकडे होते, लांबलचक. मला वाटलं काहीतरी फालतू असेल, खिशात फोन दाबला जाऊन आपोआप झालेलं. पुसली. या वेळी सूचना वेगळी होती. मी तीही वाचली नाही. वर कोणाला पत्ता लागू नये म्हणून कचरापेटीही रिकामी केली. (चोर नसलेल्या माणसाला चोराची अक्कल सुचली की असं होतं.)

भावोजी, ती साकेतच्या लग्नातली मंगलाष्टकं होती. अक्कानं स्वतः रचलेली, स्वतः गायलेली, सगळी कडवी. व्हिडिओ मी काढला होता, मीच चढवला होता, म्हणून मालक मी, म्हणून एका बोटासरशी तो सगळ्यांकडून गेला. नौपाड्यातून गेला, साकेतकडून गेला, तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर जे दाखवलं जातं ते गेलं. म्हणजे जे जायला हवं त्याचा मी मालक नाही म्हणून ते जात नाही, आणि ज्याचा मालक मी ते माझ्या हातून जाऊन बसलं. मी आजवर कुठल्याच गोष्टीचा मालक झालो नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

आणि मग काल सकाळी अक्काचा फोन आला. मी उचलला तेव्हा उभा होतो, नंतर बसलो. ती म्हणाली, "श्रीपाद, फोल्डरमधून वल्लरीची फाइल कोणीतरी काढलीय. माझी मंगलाष्टकंही दिसत नाहीत. हे आपल्यातल्याच कुणाचं तरी काम आहे. तू जरा शांत डोक्याचा आहेस, तू चौकशी कर आणि मला रविवारपर्यंत सांग." मी हो म्हटलं. काय करणार? तिनं काही सांगितलं की माझ्या तोंडून 'हो बाई' असं निघतं, वय झालं तरी. आता मी माझीच चौकशी करतोय. वल्लरीला म्हटलं, तिला कधीच कळणार नाही ना गं? तर ती म्हणाली, "बाबा, सॉरी, पण तिथे बाजूला सगळं दिसतं. कोणी काय काढलं, केव्हा काढलं. तुमचं नाव आलेलं आहे, फोटोसकट." मी पाहिलं. खरंच आहे. माझा गोल फोटो, शेजारी 'श्रीपाद यांनी एक आयटम काढला'. फोटोत मी हसतोय. अक्कानं ती जागा अजून उघडलेली दिसत नाही. उघडेल त्या क्षणी माझं काय होईल ते मला कल्पनेतही बघवत नाही.

तुम्ही म्हणाल, बाबा रे, सरळ अक्काला सांग. मी तालीम केली. आरशासमोर केली, गच्चीवर केली. तोंड उघडतं, आवाज येत नाही. एक तर रविवारची बोलणी तिला न विचारता ठरलेली आहेत. आई गेल्यावर मला शाळेत घालण्यापासून माझं लग्न जमवण्यापर्यंत सगळं जिनं केलं, तिला माझ्या मुलीचं लग्न ठरतंय हे माहीत नाही. हे मी मुद्दाम केलेलं नाही, एकेक दिवस उद्या सांगू म्हणत राहिलो आणि रविवार जवळ आला. दुसरं म्हणजे, अक्का ओरडली तर मला चालतं, मला सवय आहे. ती गप्प बसली तर मला सहन होत नाही. आणि एका बाजूला तिचं हे गप्प बसणं, दुसऱ्या बाजूला शेवंतीबाईंचं चहा घेऊन निघून जाणं, यांच्यामध्ये मी उभा आहे. वल्लरी रोज दवाखान्यातून आल्यावर माझ्याकडे नुसतं बघते, विचारत नाही. मुलीनं बापाला विचारणं सोडलं की बापानं काय करावं हे कुठल्या सूचनेत लिहिलेलं नसतं.

असो. तुम्ही अनुभवी आहात, अक्काबरोबर इतकी वर्षं काढलीत, तुमच्यासारखा मार्गदर्शक मला दुसरा कोण मिळणार? योग्य तो सल्ला द्यावा. उत्तर शेजारच्या बिऱ्हाडात श्रीमती आवडाबाई यांच्या नावे पाठवावं, त्यांना मी सांगून ठेवलंय (त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे विश्वासू आहेत). गुडघ्याला जपा.

आपला,
श्रीपाद

ता. क. सल्ला वगैरे मी रीतीला धरून लिहिलं. खरं काम असं आहे. अक्का जेवण झाल्यावर पडते तेव्हा फोन चार्जिंगला लावायला तुमच्याकडे देते. तेवढ्या वेळात ड्राइव्ह उघडून वरच्या शोधपट्टीत 'वल्लरी' लिहा, फाइल आली की तिच्यावर बोट दाबून धरा आणि कचऱ्यात टाका. मग कचरापेटी उघडून तिथूनही कायमची पुसा, नाहीतर ती परत आणता येते. सूचना येईल ती कृपा करून वाचा. शनिवारपर्यंत झालं पाहिजे. आणि ती मंगलाष्टकं तुमच्या फोनवर उतरवलेली असतील तर मला पाठवू नका, गुपचूप परत चढवा, म्हणजे मालक तुम्ही व्हाल.

ता. क. दुसरा. लिहू की नको असं होतंय, पण मन मोकळं करतो. काल फोन ठेवताना अक्का म्हणाली होती, "मला तर यांचाच संशय येतोय. हल्ली माझा फोन हातात आला की उगाच इथेतिथे दाबत बसतात." 'यांचा' म्हणजे तुमचा. त्यावर मी 'नाही गं' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ऋजुता म्हणते, कुकर लावलेलाच नव्हता. तेव्हा येत्या दोन दिवसांत अक्का तुमच्याशी कमी बोलली किंवा ताटात आमटी कमी पडली, तर कारण ठाऊक असावं.

ता. क. तिसरा, शुक्रवार सकाळ. कुरिअरवाला काल लवकर बंद करून गेला म्हणून पाकीट माझ्याकडेच राहिलं, नाहीतर घोटाळा झाला असता. वरचे दोन्ही ताजे कलम रद्द समजावेत. पहिला विसरा (मंगलाष्टकं तुमच्याकडे असतील तर तेवढी मात्र परत चढवा). दुसरा फाडून टाका.

काल वल्लरी घरी उशिरा आली. मी विचारलं, कुठे होतीस? म्हणाली, "आत्याकडे गेलेली. सगळं सांगून आले." सगळं! ऋतुराज, कळवा, रविवार, टीव्ही. मी खुर्चीचा हात धरला. तुम्ही त्या वेळी नेमके कारखान्यात होतात म्हणे, म्हणून तुम्हाला हे माझ्याकडून कळतंय, किंवा एव्हाना अक्काकडून कळलं असेल. वल्लरी सांगत होती, अक्कानं आधी माझंच नाव घेतलं. फाइल मी काढली हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, फोटोसकट. चौकशी मला दिली ती मी काय शोधून काढतो ते बघायला. मग तिनं स्वतःच लिहिलेली ती शेवटची ओळ उघडून वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाली, "हे मी तुला जवळ ठेवायला लिहिलं गं. साकेत गेला लांब. म्हटलं, तू तरी ठाण्यात ये, हाकेच्या अंतरावर." मग चष्मा काढून ठेवत म्हणाली, "कळवा मला डोंबिवलीपेक्षा जवळच की."

वल्लरीनं म्हटलं, मग आत्या, टाक ना पुसून. अक्का नाही म्हणाली. मी समोर नसताना तिनं माझ्याबद्दल जे सांगितलं ते वल्लरीनं शब्दशः सांगितलंय: "मी पुसली तर तो जन्मभर म्हणेल, अक्कानं केलं. मुलगी त्याची आहे. फाइल त्याच्या नावावर करते. ठेवायची की टाकायची ते त्याचं त्याला ठरवू दे."

आणि आज सकाळी खरंच ईमेल आला. सुमेधा (म्हणजे आपली अक्काच) यांनी तुम्हाला या फाइलचे मालक व्हायला सांगितलं आहे, स्वीकारता का? मी ते कितीतरी वेळ नुसतं बघत बसलो. आता कुठे कुलूप नाही, कोणाची परवानगी लागत नाही, कुकरसुद्धा नाही. ऋजुता आत आली, तिनं पाहिलं आणि दार ओढून घेऊन परत गेली. मी स्वीकारलं. फाइल उघडली. मी काढलेला तो फोटो, खिडकीपाशी बसलेली, केस नीट करायला दिले नव्हते मी तिला, तसाच घाईनं काढलेला. ती कचऱ्यात टाकली, कचरापेटी उघडली, आणि या वेळी सूचना मी सगळी वाचली. ती म्हणत होती, ही कायमची पुसली जाईल, कोणालाही परत आणता येणार नाही. मी दाबलं.

वल्लरी दारात चप्पल घालत होती. तिला सांगितलं, "गेली बघ." ती म्हणाली, "कोण?" म्हटलं, "फाइल." आणि शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली. ती चप्पल तशीच टाकून आत आली आणि माझ्या शेजारी बसली. तिला दवाखान्यात जायला उशीर झाला.

भावोजी, रविवारी तुम्ही दोघंही या, आणि जरा लवकर या. शेवंतीबाईंची बेल वाजेल तेव्हा दार तुम्ही उघडा. मला जमेलसं वाटत नाही.